जुन्या मोटारीचं स्टेअरिंग: बनवणारा कोण, ते ओळखायचं कसं

सांगली-साताऱ्याकडे जुनं स्टेअरिंग हाती येण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. वाड्याच्या माळ्यावर पोत्याखाली सापडतं, गॅरेज बंद होताना भिंतीच्या खिळ्यावरून उतरतं, नाहीतर भंगारवाल्याने 'फॉरेनचं आहे' म्हणून बाजूला काढलेलं असतं. तिन्ही ठिकाणी विकणारा बोट दाखवतो ते मधल्या हॉर्नच्या बटणाकडे. बटणावर घोडा असला की फेरारी, तारा असला की मर्सिडीज, काहीच नसलं की 'संस्थानिकांचं'.

या सगळ्यात लवकर बदलला जाणारा भाग म्हणजे ते बटण. बोटाने उपसून दुसरं बसवायला मिनिटभर लागतं. म्हणून ओळखीची सुरुवात स्टेअरिंगचं चाक उलटं करून करायची, आणि पुढचा चेहरा सगळ्यात शेवटी बघायचा.

एका स्टेअरिंगवर चार वेगवेगळ्या कारखान्यांची नावं असू शकतात, हे आधीच डोक्यात पक्कं हवं. मोटार बनवणारा, कडं (हातात धरायचा बाहेरचा गोल) आणि स्पोक (त्याला मध्याशी जोडणारे दांडे) बनवणारा, मधला बॉस म्हणजे दांड्यावर बसणारा तुंबा बनवणारा, आणि हॉर्न-इंडिकेटरचं स्विच बनवणारा. इंग्लिश गाड्यांच्या मधल्या भागावर 'लुकास' दिसलं तर ते स्विचचं नाव आहे. भारतीय गाडीच्या स्टेअरिंग गिअरबॉक्सवर 'राणे' दिसलं तर ते गिअरबॉक्सपुरतं. आपण शोधतोय तो दुसरा, कडं आणि स्पोक बनवणारा. गंमत म्हणजे चौघांत सगळ्यात बारीक अक्षरात लिहिलेला तोच असतो.

आधी हात आवरा

चाक आलं की पहिली खुमखुमी घासूनपुसून चमकवण्याची येते. ती आवरा. पॉलिश पेपर नको, थिनर नको, पेट्रोल नको, नेलपॉलिश काढायचं द्रावण तर अजिबात नको. १९६० पूर्वीच्या बऱ्याच कड्यांचं प्लास्टिक सेल्युलोजपासून बनलेलं आहे आणि थिनर-अ‍ॅसिटोनने ते अक्षरशः विरघळतं. साच्यातून उठलेली अक्षरं कधीकधी नखाला जेमतेम लागतील इतकीच उंच असतात, एका फडक्यात ती सपाट होतात. स्पोकवरचे जुने रंगाचे थरही ठेवा. वरचा काळा आणि खाली फिकट राखाडी असेल तर कारखान्याचा मूळ रंग कोणता, ते तिथेच कळतं.

फोटो मात्र लगेच काढा. चाक खिडकीजवळ ठेवायचं, मोबाइलचा टॉर्च दुसऱ्या हातात घेऊन चाकाला जवळजवळ चिकटवून आडवा धरायचा. समोरून मारलेला फ्लॅश उठाव पुसून टाकतो, आडव्या उजेडात मात्र पुसट आकड्याचीही सावली पडते. पुढची बाजू, पाठ, प्रत्येक स्पोकचं मूळ, बॉसचं भोक, कड्याचा प्रत्येक तडा, असे दहा-बारा फोटो होतात. प्रत्येक फोटोत शाळेतली पट्टी ठेवली तर पुढे कुणाला पाठवताना माप विचारलं जात नाही.

गाडीवर असेल तर उतरवताना

बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. गाडीची पुढची चाकं सरळ करा. हॉर्नचं बटण किंवा रिंग काढा आणि खालची स्प्रिंग, पितळी वायसर, इन्सुलेटर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने ताटात मांडा. नट सैल करण्याआधी दांडा आणि बॉस या दोन्हींवर समोरासमोर पंचने टिंब ठोका. नट पूर्ण काढायचा नाही, तीन-चार आट्यांवर राहू द्यायचा. पुलर (चाक ओढून काढायचं हत्यार) लावला की चाक अचानक सुटतं, नट नसेल तर ते सरळ दातांवर येतं.

हातोडा मारायचा नाही. दांड्याच्या टोकावर मारलेला घाव खाली स्टेअरिंग बॉक्सच्या बेअरिंगला लागतो, आणि मागून कड्यावर मारला तर जुनं प्लास्टिक स्पोकच्या मुळाशी फुटतं. टेपर, म्हणजे दांड्याचा निमुळता भाग, घट्ट धरून बसला असेल तर आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा आणि पुलर ताणून थोडा वेळ तसाच राहू द्या.

जुन्या मॉरिस घराण्यातल्या गाड्यांत आणखी एक खोड आहे. मधल्या स्विचच्या तारा एका बारीक नळीतून पूर्ण कॉलम पार करून स्टेअरिंग बॉक्सच्या तळाशी बाहेर येतात. ती नळी तिथे एका छोट्या नटाने आवळलेली असते. नट सैल केला की बॉक्समधलं तेल गळायला लागतं, तेव्हा खाली डबा धरा आणि नंतर तेल भरायचं विसरू नका.

पाठ वाचणं

कोमट पाणी, अंगाचा साबण, मऊ टूथब्रश आणि बांबूची काडी. लोखंडी टोच्या नको. २०१९च्या पुरात बुडालेल्या घरांतून किंवा गॅरेजमधून आलेलं चाक असेल तर स्पोकच्या पोकळ्यांत कृष्णेचा गाळ सिमेंटसारखा बसलेला असतो. तो कोरडा खरवडायचा नाही. ओलं फडकं तासभर गुंडाळून ठेवलं की तो आपोआप भिजतो. धुतल्यावर पंख्याखाली पूर्ण सुकवा. तड्यांत शिरलेलं पाणी आतल्या लोखंडी सळईला खातं.

खुणा शोधायच्या जागा अशा: स्पोक बॉसला मिळतो तिथली पाठ, बॉसच्या मागचा गोल काठ, स्पोक कड्यात शिरतो त्याच्या मागची बाजू, आणि हॉर्न बटणाखालची खोलगट जागा. या शेवटच्या जागेकडे लोक हमखास दुर्लक्ष करतात, आणि तीच कधी उजेडात न आल्याने तिथलीच अक्षरं शाबूत असतात.

पुसट अक्षरांवर खडूची पूड बोटाने चोळा आणि वरची पुसून घ्या. खोदलेली अक्षरं पांढरी उठतात. उठावाच्या अक्षरांसाठी पातळ कागद ठेवून वर मऊ पेन्सिल आडवी फिरवा, लहानपणी नाण्याचा छाप काढायचो तसाच. बॉसच्या काठावर एम-सील किंवा जाड रंग थापलेला असेल तर तो चाकूने उचकटू नका. आधी बाकीचं वाचून घ्या. तिथेच उत्तर लपलंय अशी खात्री झाली तरच तो थर हळूहळू काढा.

आता जे दिसेल त्याचा अर्थ.

पूर्ण नाव मिळालं तर बरंच काम झालं, पण ते कुठे आहे तेही बघा. साच्यातच उठलेलं किंवा धातूवर ठोकलेलं नाव वजनदार. स्टिकर किंवा चिकटवलेला बिल्ला बटणाइतकाच बेभरवशाचा.

नाव नसेल आणि पेटंटची खूण असेल तर देश आणि काळ दोन्ही कळतात. 'डीआरपी' किंवा 'डीआरजीएम' ही अक्षरं १९४५ पर्यंतच्या जर्मनीची, 'डीबीपी' ही युद्धानंतरच्या पश्चिम जर्मनीची. 'ब्रेव्हेत्तातो' किंवा त्याचं संक्षिप्त 'ब्रेव्ह' म्हणजे इटली. फ्रेंच मालावर 'बी-टी-ई' आणि पुढे 'एस.जी.डी.जी.' असतं. त्याचा अर्थ 'पेटंट आहे, पण सरकारची हमी नाही', आणि ही पद्धत १९६८ मध्ये बंद झाली. 'रजिस्टर्ड डिझाइन नंबर' असेल तर ब्रिटन. १९३० सुरू होताना हे आकडे साडेसात लाखांच्या आसपास होते, यावरून अंदाज बांधता येतो. ब्रिटिश पेटंटचे क्रमांक १९१६ मध्ये १,००,००१ पासून नव्याने सुरू केले गेले. अमेरिकेचं विसाव्या लाखाचं पेटंट १९३५ मध्ये आणि तिसाव्या लाखाचं १९६१ मध्ये निघालं, म्हणून २२ लाखांच्या घरातला क्रमांक दिसला तर चाक १९३५ नंतरचंच. पेटंटचे हे संग्रह इंटरनेटवर फुकट बघता येतात. क्रमांक टाकला की मूळ चित्र आणि अर्जदार कंपनीचं नाव समोर येतं, आणि बऱ्याच वेळा हाच अर्जदार म्हणजे आपला चाकवाला.

पेटंटचा क्रमांक चाक 'कधीच्या आधीचं नाही' एवढंच सांगतो. १९३७चं पेटंट १९५२ सालच्या चाकावरही असू शकतं.

पार्ट नंबर हा वेगळा प्रकार. तो मोटार कंपनीचा असतो, चाकवाल्याचा नाही. फोर्डच्या क्रमांकात ३६०० दिसलं की ते स्टेअरिंग व्हीलच, फोर्डच्या यादीत तो मूळ क्रमांक चाकासाठी राखलेला आहे. त्याच्या आधी इंग्रजी 'बी' असेल तर १९५०चं दशक, 'सी' असेल तर १९६०चं, 'डी' असेल तर १९७०चं, आणि लगेच पुढचा आकडा वर्षाचा. 'सी'नंतर ५ म्हणजे १९६५. हे त्या भागाचा आराखडा मंजूर झाल्याचं वर्ष आहे, तयार झाल्याचं नाही. फोक्सवॅगनच्या क्रमांकात मधले तीन आकडे ४१५ असले तर तो स्टेअरिंगचा गट. मर्सिडीजमध्ये पहिले तीन आकडे गाडीच्या मालिकेचे आणि पुढे ४६० किंवा ४६४ आलं तर स्टेअरिंग. युद्धकाळातल्या फोर्ड जीपच्या भागांवर इंग्रजी 'एफ' ठोकलेला असायचा. तो दिसला की भाग फोर्डने पुरवला एवढं कळतं, चाक कुणी ओतलं ते नाही.

प्लास्टिकच्या चाकावर पाठीमागे घड्याळासारखं वर्तुळ दिसलं, कडेने १ ते १२ आकडे आणि मधे बाण, तर बाण ज्या आकड्याकडे आहे तो महिना आणि बाणाच्या दोन्ही बाजूंचे आकडे मिळून वर्ष. असं वर्तुळ असेल तर चाक युद्धपूर्व नाही, विकणारा काहीही म्हणो.

मापं

खुणा काहीच नसतील तर मापंच बोलतात. लागणारी हत्यारं: व्हर्नियर कॅलिपर, दोरी, सरळ पट्टी, आट्यांचा गेज, लोहचुंबक. शेवटची दोन घरात नसतील तर कुपवाडच्या किंवा सातारच्या एमआयडीसीत कुठल्याही टूलरूममध्ये पाच मिनिटांसाठी मिळतात.

व्यास टेपने आडवा मोजू नका, जुनं कडं बहुधा लंबगोल झालेलं असतं. बाहेरून दोरी गुंडाळा, लांबी मोजा, ३.१४१६ ने भागा. दोरी १,२७७ मिमी भरली तर व्यास ४०६ मिमी, म्हणजे नेमके १६ इंच. इथेच पहिला कौल मिळतो. ३५६, ३८१, ४०६, ४३२ ही मापं पूर्ण इंचांची (१४, १५, १६, १७), म्हणजे ब्रिटन किंवा अमेरिका. ३६०, ३८०, ३९०, ४०० अशी गोल मिलिमीटरची मापं युरोपची. ३८० आणि ३८१ मधला फरक दोरीने कळणार नाही. तिथे या कौलावर विसंबू नका, आटे बघा.

आट्यांत फसवणूक बारीक असते. पाव इंची बीएसएफ (जुनी ब्रिटिश पद्धत) स्क्रूला इंचात २६ आटे, यूएनएफला (नंतरची इंची पद्धत) २८, आणि मेट्रिक एम६ला १ मिमी पिच (दोन आट्यांतलं अंतर), म्हणजे इंचात २५.४. गेजवर बीएसएफ आणि मेट्रिक जवळजवळ सारखेच बसल्यासारखे वाटतात. म्हणून बाहेरचा व्यासही मोजा: पाव इंची ६.३५ मिमीच्या किंचित आत भरतो, एम६ सहाच्या आत. शिवाय बीएसएफच्या आट्याचा कोन ५५ अंश, बाकी दोघांचा ६०. ब्रिटिश गाड्या १९५०च्या दशकात बीएसएफ सोडून यूएनएफकडे वळल्या. त्यामुळे बॉसमध्ये मूळचा बीएसएफ स्क्रू सापडला तर चाक बहुधा त्या बदलाआधीचं. मूळचा आहे का हे बघायचं, कारण भोकाला नवे आटे पाडून हाताशी येईल तो स्क्रू बसवणं ही आपल्याकडची जुनीच कला आहे.

बॉसचं भोक तीन प्रकारचं असतं: टेपर आणि चावीची खाच, सरळ दाते, किंवा टेपरवर दाते. दाते मोजताना एका दात्यावर खडूची खूण करा, तिथून सुरू करून तिथेच परत या, आणि दोनदा मोजा. एका दात्याची चूक म्हणजे गाडीच दुसरी. हे माप चाकवाल्याचं नव्हे, गाडीचं नाव सांगतं, पण गाडी कळली की चाकवाल्यांची यादी दोन-तीन नावांवर येते.

चाक आणि बॉस वेगळे असून बोल्टने जोडलेले असतील तर चाक बहुधा बाजारातून हौसेने घेतलेलं. इथे बोल्टांच्या भोकांचं वर्तुळ मोजा. सहा भोकं असतील तर समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर हाच वर्तुळाचा व्यास. मध्य डोळ्याने ठरवत बसू नका, एका भोकाच्या डाव्या काठापासून दुसऱ्याच्या डाव्या काठापर्यंत मोजा, तेच उत्तर येतं. तीन भोकं असतील तर शेजारच्या दोन भोकांतलं अंतर गुणिले १.१५५, पाच असतील तर गुणिले १.७०१, नऊ असतील तर गुणिले २.९२४. सहा भोकं ७४ मिमी वर्तुळावर असतील तर नार्दी किंवा पर्सोनल या इटालियन कंपन्या, ७० मिमीवर असतील तर तिथलीच मोमो आणि तिचं माप उचललेल्या इतर कंपन्या. हा चार मिलिमीटरचा फरक नकली माल पकडायला फार उपयोगी पडतो: नाव नार्दीचं आणि भोकं ७० वर, तर किंमत बोलायच्या आधी चाक खाली ठेवा.

कडं कशाचं आहे

पहिला नियम: तापलेली सुई टोचून बघायची नाही. जुन्या यंत्रांची हौस असलेले लोक हा उपाय सर्रास सांगतात, पण कडं सेल्युलॉइडचं निघालं तर ते भपकन पेटतं. त्याऐवजी कड्याच्या मागच्या बाजूला अंगठा जोरात दहा-पंधरा वेळा घासा आणि लगेच नाक न्या. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड. गंधकाचा, दिवाळीनंतरच्या अंगणासारखा, आला तर कडक रबर. ते उन्हाने काळ्याचं तपकिरी-हिरवट होतं, ही आणखी एक खूण. कार्बोलिक साबणासारखा वास आला तर बेकेलाइट. आणि खवट लोण्यासारखा आला तर सेल्युलोज अ‍ॅसिटेट ब्युटिरेट. १९३०च्या दशकापासून अमेरिकन चाकांवर हे 'टेनाइट' या नावाने भरपूर वापरलं गेलं. वास येत नसेल तर गरम पाण्यात बुडवलेला कापूस मागे अर्धा मिनिट दाबून पुन्हा हुंगा.

तडे कुठे आहेत तेही वाचा. आत लोखंडी सळई, वर प्लास्टिक. प्लास्टिक वर्षानुवर्षं आक्रसतं, सळई आक्रसत नाही, आणि ओल शिरली की गंजून उलट फुगते. म्हणून स्पोकच्या मुळाशी आणि दोन स्पोकच्या मधोमध तडे येतात. असे तडे जुनेपणाचा चांगला दाखला. अजिबात तडा नसलेलं 'चाळीस सालचं' चाक एकतर कुणीतरी फार निगुतीने दुरुस्त केलेलं आहे किंवा चाळीस सालचं नाही. तड्यातून टॉर्च मारून आतली सळई गोल आहे की पत्र्याची पन्हळ, ते टिपून ठेवा.

लाकडी कडं असेल तर मिरजेला जा. तंतुवाद्यं घडवणारे कारागीर रोज लाकूड आणि लाखेचं पॉलिश हाताळतात. हे अक्रोड, हे महोगनी, हे आपल्याकडचं शिसव, असं ते रेषा आणि वजन बघून सांगतात, आणि वरचं पॉलिश चपडा लाखेचं की नंतर मारलेलं पॉलियुरेथेन हेही. कडं शिसवाचं निघालं तर ते इथे नव्याने चढवलेलं असण्याची शक्यता मोठी. मग कड्यावरून काही ठरवायचं नाही, फक्त स्पोकवरून. लाकडाचा नुसता छाप असलेलं प्लास्टिकही असतं. त्यात रेषा कड्याच्या आतल्या वळणावर जोडाशी तुटतात, खऱ्या लाकडात त्या आरपार जातात.

स्पोकला लोहचुंबक लावा. हौशी स्पोर्ट्स चाकांचे स्पोक बहुतेक अ‍ॅल्युमिनियमचे, चुंबक घसरून पडतो. चिकटला तर लोखंडावर क्रोम, आणि नामांकित इटालियन नाव असेल तर संशय घ्यायला जागा आहे.

वारंवार भेटणारी नावं

ब्रिटिश गाड्यांत ब्लूमेल्स हे जुनं घराणं, कॉव्हेंट्रीजवळच्या वोल्स्टनचं. सायकलीचे पंप आणि मडगार्डही त्यांचेच, त्यामुळे घरात जुनी विलायती सायकल असेल तर नाव ओळखीचं वाटेल. चार झुळझुळीत पोलादी पट्ट्यांचे स्पोक असलेलं 'ब्रुकलँड्स' धाटणीचं चाक त्यांच्या नावाशी जोडलं जातं, पण हीच धाटणी इतरांनीही बनवली आहे. युद्धानंतरच्या हौशी चाकांत मोटो-लिटा, लेस लेस्टन आणि स्प्रिंगअ‍ॅलेक्स ही नावं येतात.

अमेरिकन गाड्या आणि जीप यांच्या मागे शेलर हे नाव शोधा, इंडियाना राज्यातल्या पोर्टलंडची कंपनी, पुढे शेलर-ग्लोब. जर्मन चाकांच्या पाठीवर पेट्री किंवा व्हीडीएम. फ्रेंच चाकांवर किलरी.

इटालियन नार्दीची लाकडी चाकं १९५०च्या दशकापासूनची. स्पोकवर सहीसारखं वळणदार नाव असतं. एन्रिको नार्दी १९६६ मध्ये गेले, कंपनी चालू राहिली आणि त्याच धाटणीची चाकं आजही निघतात, त्यामुळे सही हा जुनेपणाचा पुरावा नाही. मोमो म्हणजे मोरेत्ती आणि मोंझा, १९६४च्या सुमाराची सुरुवात. मोमोच्या स्पोकच्या पाठीवर प्रकाराचा क्रमांक, बऱ्याचदा महिना-वर्ष, आणि जर्मनीत विकायच्या मालावर 'केबीए' अक्षरं ठोकलेली असतात. ही जर्मन मोटार-नोंदणी खात्याची मंजुरी. नकली मालावर पुढचं नाव झोकात असतं, पाठ कोरी असते किंवा अक्षरं लेझरने उथळ कोरलेली.

आपल्याकडच्या गाड्या

इथे सापडणारी बहुतेक चाकं अ‍ॅम्बॅसॅडर, फियाट-पद्मिनी, स्टँडर्ड हेराल्ड, जीप आणि ट्रकची. यांच्यावर चाकवाल्याचं नाव सापडेलच असं नाही. तेव्हा 'अमुक गाडीचं, अमुक काळातलं, कारखान्याचं मूळ चाक' इथवर पोचलात तरी काम चोख झालं.

काळ ठरवायला गाड्यांची नावं उपयोगी पडतात. प्रीमियरची गाडी आधी फियाट ११००, १९६४ पासून 'डिलाइट', १९७२ मध्ये 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'पद्मिनी'. बटणावर फियाट असेल तर ते १९७२च्या आधीचं असण्याची शक्यता जास्त. टाटांचे ट्रक १९५४ ते १९६९ मर्सिडीज-बेंझच्या भागीदारीत निघाले. हळदीच्या पेठेत फिरलेल्या जुन्या ट्रकच्या चाकावर तीन टोकांचा तारा दिसतो तो त्या काळातला, जर्मनीहून आलेल्या मोटारीचा असेलच असं नाही. हेराल्ड इथे 'स्टँडर्ड' म्हणून विकली गेली, 'ट्रायंफ' म्हणून नाही. तेव्हा ट्रायंफचा बिल्ला असेल तर चाक नाहीतर निदान बिल्ला तरी बाहेरून आलेला.

संस्थानांच्या मोटारींचं नाव इकडे फार घेतलं जातं. सांगली, मिरज, औंध, फलटण इथे संस्थानं होती आणि मोटारीही होत्या, पण एखादं चाक त्यातल्याच गाडीचं हे कागदाशिवाय ठरत नाही. जुनं आरसी बुक, बिल, गाडीसोबतचा फोटो, यातलं काहीतरी हवं. फोटो असेल तर स्पोकची संख्या मोजा, आणि बॉसचा व्यास व कड्याचा व्यास यांचं प्रमाण पट्टीने काढून आपल्या चाकाशी ताडून बघा. समोरून काढलेल्या फोटोत हे प्रमाण फार बदलत नाही.

निकाल लिहिताना

जुने पार्ट्स कॅटलॉग शोधा. कोल्हापूरच्या उद्यमनगरातली किंवा सांगलीतली जुनी स्पेअर पार्टची दुकानं विचारण्यासारखी आहेत, रविवारी-बुधवारी पुण्याच्या जुन्या बाजारातही नशीब उघडतं. कॅटलॉगमधल्या चित्राशी ताडताना स्पोकचा आकार बघू नका, तो सगळे एकमेकांचा उचलतात. स्पोक कड्यात कसा शिरतो, बॉसला किती बोल्ट आहेत, आणि कड्याच्या मागे बोटांच्या खाचा दोन स्पोकच्या मधे किती, हे मोजा.

मग एका कार्डावर नोंद करा: व्यास, कड्याची जाडी, बॉसची खोली (कड्यावर पट्टी आडवी ठेवून बॉसपर्यंत), भोकाचा प्रकार आणि दाते, बोल्टांचं वर्तुळ, आटे, साहित्य, प्रत्येक खूण जशी दिसते तशी. न कळलेलं अक्षर अंदाजाने भरू नका, तिथे रिकामी चौकट काढा. खाली निकाल तीनपैकी एका शब्दात. ठोकलेलं नाव आणि दोन मापं जुळली तर 'पक्कं'. नाव नाही पण पेटंट किंवा पार्ट नंबर आणि मापं जुळली तर 'बहुतेक'. नुसती धाटणी जुळली तर 'धाटणीचं', आणि विकतानाही हाच शब्द वापरायचा. घेणाराही पाठ बघणारा निघू शकतो.

गाडी ५० वर्षांवरची असून २०२१च्या नियमाने व्हिंटेज नोंदणी करायची असेल तर चाकाने अडत नाही. तिथे मूळपणा बघतात तो चासी, बॉडी आणि इंजिनचा. रॅलीतले परीक्षक मात्र चाकाकडे बघतात, तेव्हा हे कार्ड गाडीतच ठेवा.

चाक ठेवायचं ते खिळ्याला टांगून नाही. एका बिंदूवर भार आला की जुनं कडं तिथेच चिरतं. कापड अंथरून आडवं ठेवा. सेल्युलॉइडचं असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका. त्यातून निघणारी वाफ आत कोंडली की आम्ल बनून स्पोकचं क्रोम खाते, आणि शेजारी ठेवलेलं मूळ बटणही.